शेंगांशिवाय बोरन्हाण

सुनेने विद्यापीठात नाव घातलं तेव्हा मी विचारलं, कशाचं शिकणार. ती म्हणाली, बालपण आणि तारुण्य. मला वाटलं, थट्टा करतेय. पण खरंच परदेशातल्या एका विद्यापीठाची शाखा आमच्या इथे, दुबईजवळच्या रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये एका इमारतीच्या दोन मजल्यांवर होती आणि तिथे या विषयाची पदवी मिळत होती. पदवी तीन वर्षांची. त्याआधी एक वर्ष फाउंडेशनचं, कारण सुनेची बारावी लग्नाआधीची होती आणि त्या बारावीवर तिथे कोणाचा विश्वास नव्हता.

"त्या वर्षात काय शिकवतात?" मी विचारलं.

"कसं शिकायचं ते."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. 

हौसेने शिकायला जावं असे ते दिवस नव्हते. माझा मुलगा फरशा बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होता. दुबईत इमारती अर्ध्यावर थांबल्या. इमारत थांबली की फरशी थांबते आणि फरशी थांबली की माझा मुलगा. कारखान्याने आधी पगार अर्धा केला, मग उन्हाळ्यापर्यंतच काम आहे असं सांगितलं. काम गेलं की व्हिसा जातो. व्हिसा गेला की सातारा. साताऱ्यात त्याची कोणी वाट बघत नव्हतं, म्हणजे नोकरी देणारं.

सून एका नर्सरीत मदतनीस होती. मुलांची नाकं पुसायची, चपला जोडीने लावायच्या, रडणाऱ्याला खिडकीशी न्यायचं. नर्सरीची मालकीण मंगळूरची होती, सरळ बोलणारी. तिने सुनेला सांगितलं, तू फाउंडेशन पास हो, पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्याचं दाखव, मी तुला सहशिक्षिका म्हणून घेते. शिक्षिकेला नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा आपल्यावर घेता येतो, याचीही तिने चौकशी करून ठेवली होती. माझा व्हिसा मुलाच्या नावावर होता. सासूचं काय, हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

तर असं सगळं घर त्या एका वर्षावर येऊन बसलं होतं.

अभ्यास पुस्तकात असता तर मला त्रास नव्हता. तो जेवायच्या टेबलावर आला. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती आणि मी तिला भरवत असे. पाच मिनिटांत ताट रिकामं व्हायचं. एक दिवस सुनेने माझ्या हातातला घास थांबवला.

"आई, तिला तिचं खाऊ द्या."

"खाईल का?"

"खाईल किंवा नाही खाणार. आपण मध्ये पडायचं नाही. मोठ्यांनी फक्त बघायचं."

"बघून पोट भरतं का तिचं?"

"तुमचं भरत नाही, म्हणून तुम्हाला बघवत नाही," सून म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नातीने वरणाचं तळं केलं, भाताचा बांध घातला, एकेक शीत वेचून बोटावर चिकटवलं. मी म्हटलं, जेव गं बाई. ती म्हणाली, "आय ॲम ईटिंग, आजी." मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. पाऊण तास गेला. असं रोज. महिन्याभरात ती पंधरा मिनिटांवर आली. मला हात मांड्यांखाली घ्यायची इतकी सवय झाली की टीव्ही बघतानाही मी तशीच बसायची.

एकदा सुनेने विचारलं, "आई, तुम्ही लहानपणी काय खेळायचात? मला लिहायचंय."

"माझा भाऊ."

"म्हणजे?"

"तो कडेवर असायचा. त्याला घेऊन जे खेळता येईल ते."

तिने ते तसंच लिहिलं. तिच्या प्राध्यापक बाईंनी कडेला बरोबरची खूण केली होती. माझ्या आयुष्यात एवढ्या थोड्या उत्तराला पूर्ण मार्क पूर्वी मिळाले नव्हते.

वर्षाच्या शेवटाआधी एक प्रात्यक्षिक होतं. तीन ते पाच वर्षांची निदान सहा मुलं जमवायची. त्यांना खेळायला काहीतरी द्यायचं. मग मुलं खेळ कसा करतात ते बघायचं आणि आपण पुढारपण करायचं नाही. प्राध्यापक बाई येऊन कोपऱ्यात बसणार. यात नापास झालं की वर्ष परत, आणि परत करायला आमच्याकडे वर्ष नव्हतं.

सुनेने रंगीत कणकेचे गोळे केले, पुठ्ठ्याचे प्राणी कापले. नर्सरीतच करायचं ठरलं होतं. पण नर्सरीतली मुलं जायला लागली. बापाची नोकरी गेली की पोराचं दप्तर कोणी न्यायलाही येत नसे. लहान वर्गात शेवटी दोघं उरली, तीही एकमेकांशी न बोलणारी.

सून रोज इमारतीत विचारून यायची. "परीक्षेसाठी मुलं हवी आहेत म्हटलं की आया दार लोटतात. म्हणतात, आमच्या मुलावर प्रयोग नको."

"तू परीक्षा म्हणतेस म्हणून," मी म्हटलं. "बोरन्हाण म्हण. सगळ्या येतील."

जानेवारी संपत आला होता. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं. लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा, शेंगा ओतायच्या आणि बाकीच्या मुलांनी ते वेचायचं. मुलं धावतात, सांडतात, भांडतात. त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

सुनेने पुठ्ठ्याचे प्राणी बाजूला सारले. मग म्हणाली, "पाटावर बसवायला कोण आहे? आपली सहा वर्षांची आहे."

समोरच्या बैठ्या घरात रत्नागिरीकडची एक मुसलमान भाभी राहायची. तिच्या नवऱ्याचं बंदरावर जाळी आणि दोरांचं दुकान होतं. तिचा नातू नुकता तीन वर्षांचा झाला होता आणि अंगणात बोरीचं झाड होतं. इथले लोक त्या बोरांना नबक म्हणतात. मी तिला जाऊन सगळं सांगितलं, परीक्षेचंही.

"आमच्यात असला काय नसता, मावशी," भाभी म्हणाली.

"कुंकू नाही, ओवाळणं नाही. नुसतं वरून ओतायचं."

"ओता की. तसा पण न्हायला कंटाळतो मेला." मग तिने झाडाकडे बघितलं. "पण बोरां माझ्याच झाडाची हवीत. बाजारची आणून माझ्या दारात ओतशीलस तर बघ."

घरी सुनेने सामान काढलं तेव्हा शेंगा बाजूला ठेवल्या.

"शेंगा नकोत, आई. कोणाला ॲलर्जी असेल."

"आमच्याकडे कोणाला नव्हती."

"तेव्हा कोणी विचारलं नव्हतं."

"बरं. शेंगा नकोत."

"आणि बोरंही नकोत. आठळी घशात जाईल."

हे दारात आलेल्या भाभीने ऐकलं. "नातू माझा, झाड माझा, अंगण माझा, आणि बोरां नकोत? मग पोराला न्हाणतेस कशानं, चुरमुऱ्यानं?"

सुनेला जागा हवी होती. बोरं राहिली.

शुक्रवारी सकाळी भाभीच्या अंगणात आठ मुलं आली. त्यातलं एक स्वेटर आणि बूट घालून आलं होतं. त्यांचं विमान संध्याकाळचं होतं, घर रिकामं झालं होतं, बॅगा गाडीत होत्या. त्याच्या आईने म्हटलं, तेवढंच दोन तास कुठेतरी बसता येईल.

प्राध्यापक बाई गोऱ्या, उंच, सपाट चपला घातलेल्या. त्या बोरीखाली खुर्चीवर बसल्या आणि मांडीवर कागद घेतला. सुनेने मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. "आई, तुमचं काम एकच. आयांना अंगणात येऊ द्यायचं नाही."

"का म्हणून?"

"त्या मुलांच्या वतीने वेचतील."

ते मला पटलं. साताऱ्याच्या बोरन्हाणात मी पोरांपेक्षा बायकांच्याच ओट्या जास्त भरलेल्या बघितल्या होत्या.

भाभीच्या नातवाला काळा कुडता आणि हलव्याचा मुकुट घातला. तो राजासारखा नाही, पोलिसाने पकडल्यासारखा बसला होता. सुनेने त्याच्या डोक्यावर टोपलं रिकामं केलं आणि मागे सरकून जमिनीवर बसली. आठही पोरं तुटून पडली.

माझ्यामागे बायका उसळल्या.

"अगं, तो मोठा हलवा उचल! तुझ्या पायाशी!"

"बेटा, टेक इट, टेक इट!"

"मावशी, जरा बाजूला व्हा ना, तो बघा माझ्याला ढकलतोय."

"ढकलू दे," मी म्हटलं.

"असं कसं ढकलू दे?"

"तो अभ्यास आहे."

एकजण माझ्या काखेखालून डोकं काढत होती. मी काख मिटली. भाभी माझ्याच बाजूने उभी होती, पण तीच सगळ्यांत जोरात ओरडत होती, "अरे उठ रे, सगळा नेतील!" नातू पाटावरून हलेना. त्याला वाटत होतं, हललं की मुकुट पडेल.

स्वेटरवाल्याने दोन्ही खिसे बोरांनी भरले. त्याची आई माझ्या खांद्यावरून म्हणाली, "एवढं नको घेऊ, सोन्या. बॅग आधीच जड झालीये." त्याने ऐकलं आणि खिसे पाटासमोर रिकामे केले. मग एक एक बोर नातवापुढे मांडायला लागला, ओळीने. बाकीची पोरं थांबली. एकीने तिच्या वाट्याचे चुरमुरे ओळीच्या टोकाला ओतले. थोड्याच वेळात वेचलेलं सगळं परत पाटासमोर येऊन त्याचं दुकान झालं होतं. नातू दुकानदार. तो काही विकत नव्हता. सून बसून बघत होती. हात मांड्यांखाली.

मग दुकानदाराने एक बोर उचलून तोंडात टाकलं.

 आतापर्यंत सुनेने एक बोट लावलं नव्हतं आणि मध्ये पडायचं नाही हीच तर परीक्षा होती. मी प्राध्यापक बाईंकडे बघितलं. त्या सुनेकडे बघत होत्या. भाभीने माझा दंड धरला.

सून उठली नाही. गुडघ्यांवर पुढे सरकली, त्याच्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरली आणि म्हणाली, "दुकानदार, आठळी इथे." त्याने थोडं चावलं, विचार केला आणि आठळी ओंजळीत टाकली. तिने ती पदराला बांधली आणि परत जागेवर जाऊन बसली.

खेळ संपल्यावर बाईंनी तिला इंग्रजीत विचारलं, ठरवलेलं सोडून तू मध्ये का पडलीस. सून म्हणाली, "सीड." एवढंच. बाईंनी कागदावर लिहिलं. त्या एका शब्दाला त्यांनी तीन ओळी कशा काय लिहिल्या, देव जाणे.

स्वेटरवाला जाताना रडला. त्याच्या आईने माझा निरोप घेतला, पत्ता मागितला नाही, दिला नाही.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडाशी लागला. सून पास झाली. शेरा तिने मला मराठीत सांगितला. आठळीचं फळ या वयाच्या मुलांना देऊ नये. खेळ मुलांनी स्वतः बदलला आणि विद्यार्थिनीने तो बदलू दिला. उपस्थित मोठ्या माणसांना चांगलं दूर ठेवलं.

"शेवटचं माझं आहे," मी म्हटलं.

"ते तुमचंच आहे, आई."

मुलाचा कारखाना ठरल्याप्रमाणे बंद झाला. नर्सरीच्या मालकिणीने शब्द पाळला. मुलाचा आणि नातीचा व्हिसा सुनेवर झाला. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानातल्या माणसाने हिंदीत समजावलं की बायको नवऱ्याला ठेवू शकते, पण नवऱ्याच्या आईला नाही. मुलगा त्याच्याशी भांडायला लागला. "माझी आई आहे ती. तिने काय करायचं?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "चल घरी."

 परतताना सुनेने टॅक्सीवाल्याला तीनदा चुकीचं वळण सांगितलं. घरी आल्यावर म्हणाली, "आधी का नाही बोललात?"

"तुझा अभ्यास चालला होता."

ती नापास झाली असती तर चौघं जाणार होतो. पास झाली म्हणून मी एकटी जाणार होते. यात रडण्यासारखं मला काही दिसलं नाही. सुनेला दिसलं असावं, कारण त्या रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं. नातीने न सांगता स्वतःचं ताट संपवलं.

जायच्या दिवशी बॅगेची चेन लागत नव्हती. भाभीने वाळवलेल्या बोरांची पिशवी कोंबली होती आणि सुनेने दोन किलो शेंगदाणे. मी गुडघा बॅगेवर ठेवून ओढत होते. मुलगा पुढे झाला. "सर आई, मी लावतो."

"थांब," सून म्हणाली. "लावू दे त्यांना."

"अगं, विमान आहे."

"आहे ना वेळ."

ती समोर जमिनीवर बसली होती, हात मांड्यांखाली घेऊन, माझ्याकडे बघत. मी एक कोपरा आत दाबला, दुसरा दाबला, शेंगदाण्यांची पिशवी आडवी केली. बराच वेळ लागला. चेन लागली.