कापसाचं जपानी नाव

खामगावला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक शेतकरी बाई बसल्या होत्या. कापूस वेचून त्यांच्या बोटांची टोकं चिरली होती. त्यांनी पिशवीतून चित्रकथेचं पुस्तक काढलं, बोटं पदराला पुसली आणि मुखपृष्ठावरच्या जपानी मुलीवरून हात फिरवला.

"माह्या लेकीनं लिवलं हे. चित्रंबी तिचेच हायेत. जपानी शिकली ते."

मुखपृष्ठावरच्या त्या मुलीचं नाव होतं वाता. मी विचारलं, "म्हणजे दिव्याची वात का?"

"नाही हो. जपानीत वाता म्हंजे कापूस."

प्रकाशकाला ते नाव फारच साधं वाटलं होतं. जपानी मुलगी आहे, तर एखाद्या फुलाचं नाव ठेवा, असा त्याचा आग्रह होता. लेक ऐकेना, म्हणून पुस्तक वर्षभर अडलं.

"मीच म्हटलं, बदल वं नाव, काय बिघडते? तं मले म्हणे, माय, तू काय फुलं वेचून मले शिकवलं का?"

शेवटी पुस्तक त्याच नावानं छापलं गेलं.

खामगाव आलं. बाईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं नाही. मुखपृष्ठ लोकांना दिसेल असं छातीशी धरून त्या स्टँडवरच्या गर्दीतून सावकाश चालत गेल्या.