बोरन्हाणातला लिंब्या

माझी धाकटी जाऊ मोनिका भित्री नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. भिंगारच्या बाजारात वाढलेली पोरगी ती. लग्न होऊन आमच्या सुप्याजवळच्या वस्तीवर आली आणि महिनाभरातच तिनं आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे लंकाबाईंच्या, पिठाच्या डब्याला दोन डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या. लंकाबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. मी म्हटलं, आता हिची काही खैर नाही. आत्याबाईंनी डबा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो तर आपला सरपंच दिसतोय." त्या दिवसापासून आमच्या घरात पीठ सरपंचाच्या पोटातून निघतं.

नगरला तिनं चित्रकलेचा कोर्स केला होता, पुढं कॉम्प्युटरवर डिझाइन शिकली. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या जिभेला नगरच येतं. दुकानांचे बोर्ड, पिशव्या, डबे, पाकिटं, असली कामं ती घरबसल्या करायची. तिचा एकच नाद. दिसेल त्या वस्तूला तोंड काढायचं. एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या गोण्यांवर तिनं डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तरी दात काढून हसतोय असा कांदा काढला. लोक मार्केटात त्या गोणीबरोबर फोटो काढायला लागले. शेजारच्या जालिंदर भाऊजींच्या दुधाच्या टेम्पोवर मागून गाईचं ढुंगण काढलं, शेपटीसकट. पुणे रोडला मागून येणारे हसून हसून मागंच राहतात, असं भाऊजी सांगायचे.

मी तिला एकदा चिडून म्हटलं होतं, "अगं, वस्तू ती वस्तू, तिला कशाला नाक-डोळे?" मला राग पटकन येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, "ताई, बघितल्याबरोबर हातात घ्यावीशी वाटली पाहिजे. लहान पोरासारखी. मग माणूस ती खाली ठेवतच नाही." म्हणताना अशी खुलली होती!

आबासाहेब म्हणून एकजण आहेत. सुप्याच्या एमआयडीसीत त्यांचा फिनेलचा छोटा कारखाना. पांढरं पाणी, उग्र वास, साधी बाटली. ते मोनिकाकडे आले आणि म्हणाले, "पोरी, आमच्या मालाला जरा रूप दे." झालं, मोनिकाला आणखी काय पाहिजे? तिनं बाटलीच बदलली. गोल, पिवळी, हातात मावेल अशी, लिंबाच्या आकाराची. एक डोळा मिटलेला, गालावर खळी, जीभ थोडी बाहेर. वर हिरव्या पानाचं झाकण. ते पान नुसतं वर ढकललं की टिक असा आवाज व्हायचा आणि बाटली उघडायची. त्या आवाजासाठी तिनं आबासाहेबांकडून चार-पाच वेळा झाकण बदलून घेतलं. आतल्या पाण्याला पिवळा रंग आणि लिंबाचा वास दे, हेही तिनंच सांगितलं. नाव ठेवलं लिंब्या. खाली ओळ, 'तू बस, मी पुसतो.' आम्हाला सगळ्यांना आवडला लिंब्या. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू.

संक्रांत झाली आणि मोनिकाच्या दिशाचं बोरन्हाण ठरलं. दिशा दोन वर्षांची. त्याच दुपारी आमच्या घरचं हळदीकुंकूही. वाण काय लुटायचं, यावर आम्ही जावा दोन दिवस एकमेकींचं डोकं खात होतो. तेवढ्यात आबासाहेबांनी छोट्या लिंब्यांचं एक खोकं पाठवलं. नमुन्याच्या बाटल्या. त्यावर अजून काही छापलेलं नव्हतं, नुसतं तोंड. आबासाहेब म्हणाले, आधी बायकांना रूप कसं वाटतंय ते बघू, बाकीची अक्षरं मागनं टाकू. मोनिका म्हणाली, "ताई, वाण हेच." मलाही पटलं. घरात लागणारी वस्तू, दिसायला देखणी, आणि आपल्या सुनेच्या हातची. वाण म्हणून आणखी काय हवं?

खोकं स्वयंपाकघरात ठेवलं. शेजारी बोरन्हाणाचं सूप, त्यात बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या-चॉकलेटं.

दुपारी अंगण भरलं. दिशाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली. बरोबरची पोरं भोवती डोळे लावून, की कधी वरून पडतंय आणि कधी झडप घालतोय. मी हळदीकुंकू लावत होते. मोनिका मोबाईल धरून व्हिडिओ काढत होती. आत्याबाईंनी सूप आणलं, औक्षण केलं आणि दिशाच्या डोक्यावरून सगळं ओतलं. पोरं तुटून पडली. बोरं, चुरमुरे, गोळ्या, आणि त्यांच्यात पिवळी पिवळी लिंबं टपाटप जमिनीवर.

आत्याबाईंनी खोकं बघितलं होतं. आत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एवढंसं गोड हसरं तोंड, लिंबाचा वास, बोरांच्या शेजारी ठेवलेलं. ही पोरांच्या लुटीची शरबताची बाटली नाहीतर काय, असं समजून त्यांनी निम्मं खोकं सुपात घातलं होतं.

मी मोनिकाकडे बघितलं, तर तिचा चेहरा फुललेला. पोरं तिच्या लिंब्यासाठी भांडत होती. जी गोळी सोडत होती ती बाटली सोडत नव्हती. मोबाईल धरलेला तिचा हात हसण्यानं हलत होता. तेवढ्यात आवाज आला. टिक. मग दुसऱ्या बाजूनं, टिक.

तिच्या हातातून मोबाईल खाली पडला. "पिऊ नका," ती आधी पुटपुटली. मग एवढ्या जोरात ओरडली की गोठ्यातली गाय हंबरली. "फिनेल आहे ते. बायांनो, पोरांच्या हातातलं काढा."

त्यापुढची धावपळ मला अजून नीट सांगता येत नाही. बायका आपापल्या पोरांवर झेपावल्या. कुणाची बाटली बंद, कुणाची उघडी, कुणाच्या झबल्यावर सांडलेलं. मी एकेका पोराचं तोंड उघडून वास घेत होते. लिंबाचा वास तर सगळ्यांच्याच हाताला. आणि मी ओरडतच होते, की ओम कुठाय, ओम कुठाय. शेजारचा ओम दोन बाटल्या घेऊन पळताना मी बघितला होता.

मी आणि मोनिका त्याच्यामागं पळालो. कडब्याच्या गंजीमागं तो सापडला. एक बाटली पायाशी, बंदच; दुसरी हातात, उघडी, रिकामी. मोनिकानं त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. "प्यालास का रे? सांग, प्यालास का?" पोर भेदरलं. त्यानं खाली बोट दाखवलं. शेळीच्या करडासमोर जमिनीवर ओला पिवळा डाग होता. "त्याला पाजत हुतो. त्यो पीत न्हाई," तो म्हणाला. मोनिका तिथंच मटकन बसली. मला हसू आलं, रडू आलं, काय आलं ते देव जाणे. आम्ही त्याला कडेवर घेऊन परत आलो. वाटेत मोनिका सारखी म्हणत होती, "वाचलो ताई. सगळी पोरं वाचली." मीही व्हय व्हय म्हणत होते.

अंगणात आलो. सगळ्या बायका आपापल्या पोरांना पोटाशी धरून ओट्यावर उभ्या होत्या. पाटावर दिशा एकटी बसली होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. सगळ्या आपापल्या पोरांमागं धावल्या, आम्ही ओममागं, आणि जिचं बोरन्हाण ती मधोमध तशीच राहिली. मांडीत लिंब्या, पान वर ढकललेलं. हनुवटीवर पांढरा फेस. हलव्याच्या हारावर तो ओघळत होता.

मोनिकानं तिला उचललं, तशी ती खोकायला लागली. खोकला थांबेना. श्वास घेताना छातीतून शीळ आल्यासारखा आवाज. आत्याबाई मिठाचं पाणी घेऊन आल्या, "उलटी करू द्या, पोटात ठेवू नका." नगरच्या ज्या दवाखान्यात दिशाला लसी टोचल्या होत्या तिथं मी फोन लावला. तिकडून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "उलटी करायला लावू नका, काही पाजू नका. आहे तशी घेऊन या, बाटली बरोबर आणा." मी आत्याबाईंच्या हातातला तांब्या हिसकावून फेकला. त्यांच्या अंगावर ओरडले. सासू आहे, म्हातारी आहे, मला कशाचं भान नव्हतं. त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याच हातानं वतलं गं. माझ्याच हातानं."

जालिंदर भाऊजींनी टेम्पो काढला. दिशाला घेऊन मी आणि मोनिका पुढं कोंबून बसलो. कंपनीत ड्यूटीवर असलेल्या करण भाऊजींना, मोनिकाच्या नवऱ्याला, मी फोन केला, दवाखान्यात या एवढंच सांगितलं. रस्त्यावर मागची गाडी आमच्या टेम्पोचं चित्र बघून हॉर्न वाजवत होती. कुणीतरी खिडकीतून हसून हात केला. मोनिका दिशाच्या नाकाशी बोट धरून बसली होती, श्वास येतोय का बघत. एवढंच करत होती ती सगळ्या वाटेनं. मी देवाची नावं घेत होते. जी आठवतील ती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिशाला आत नेलं, नळी लावली, वाफ लावली. मग बाटली घेऊन बाहेर आल्या. तोंड बघितलं आणि त्यांच्या ओठांवर एकदम हसू आलं. लगेच गेलं ते.

"ह्यात काय आहे?"

"फिनेल," मोनिका म्हणाली.

"कसलं? अॅसिड आहे? रॉकेलासारखं तेल आहे? फुप्फुसात गेलं असेल तर मला कळायला हवं."

"मला माहीत नाही."

"लिहिलंय कुठं?" त्या बाटली उलटीपालटी करत होत्या. सगळीकडं नुसता पिवळा रंग आणि ते डोळा मारणारं तोंड. "कुणी बनवली ही?"

"मी," मोनिका म्हणाली. "म्हणजे मी तोंड काढलं. रंग सांगितला, वास सांगितला. आत काय घालतात ते मी कधी विचारलंच नाही."

आबासाहेब फोन उचलेनात. मोनिका लावतच राहिली, लावतच राहिली. शेवटी मीच लावत बसले. आतून दिशाचा खोकला ऐकू यायचा. मग मधेच थांबायचा. खोकला थांबला की आम्ही दोघी दाराकडे बघायचो. खोकत होती तोवर निदान कळत होतं की ती आहे. करण भाऊजी कंपनीच्या कपड्यांतच आले. भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी मोनिकाकडे बघितलंसुद्धा नाही. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

अखेर आबासाहेबांचा फोन लागला. मी एवढ्या शिव्या दिल्या त्यांना, की दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. त्यांचा आवाज पडला होता. त्यांनी काय काय घालतात ते सांगितलं, मी फोन तसाच डॉक्टरीणबाईंच्या कानाला लावला. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "बरं झालं कळलं." आणि आत गेल्या.

परत आल्या तेव्हा बाहेर दिवे लागले होते. म्हणाल्या, "थोडंच गेलंय. सूज आहे, आज इथंच ठेवते. पण श्वास सुधारलाय. या, बघा." करण भाऊजी तोंडावर हात धरून रडायला लागले. मी मोनिकाला दंडाला धरून आत नेलं.

दिशा पलंगावर होती. हाताला पट्टी बांधून सुई लावलेली, नाकाला नळी. ओठ सुजलेले. काळं झबलं काढून टाकलं होतं, हलव्याचा एक दाणा केसात तसाच अडकलेला. डोळे उघडले तशी ती घाबरली. सुई बघून, नळी बघून, पांढऱ्या कपड्यांतल्या बाया बघून. आवाज बसलेला, नुसतं तोंड वाकडं करून रडत होती. मोनिका तिच्यावर वाकली, "मी आहे ना बाळा, मम्मी आहे." ती ऐकेना. आईलाही ती ढकलत होती.

डॉक्टरीणबाई मागून आल्या. त्यांच्या हातात अजून ती बाटली होती, ठेवायची विसरल्या असतील. दिशाची नजर तिकडं गेली आणि तिचं रडणं थांबलं. एकदम थांबलं. सुजलेल्या ओठांनी ती हसली. सुई लावलेला हात तिनं पुढं केला, बोटं उघडली, मिटली.

मोनिकानं झडप घालून बाटली घेतली आणि दोन्ही हातांनी ओढणीत लपवली. दिशा आईच्या ओढणीकडे बघून परत रडायला लागली. तिला लिंब्याच हवा होता.