आमच्या साडूंची पापण्यांची भाषा

परग्रहावरचं कोणी उद्या खरोखरच पृथ्वीवर उतरलं, तर सरकारने शास्त्रज्ञांच्या बैठका वगैरे भरवत बसू नये. सरळ पेणहून जोह्याची एस.टी. पकडावी आणि आमच्या साडूंना घेऊन जावं. त्या पाहुण्यांशी बोलू शकेल असा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात तेवढाच आहे. बोलणं म्हणजे अर्थात तोंडाने नव्हे. साडू ज्या ग्रहाची गोष्ट लिहीत होते त्या ग्रहावर हवाच नाही. "हवा नाय, तर आवाज जायचा कुठून?" असं म्हणून त्यांनी तिथल्या समस्त रहिवाशांची तोंडं बंद केली आणि त्यांना पापण्यांनी बोलायला लावलं. त्या जमातीचं नाव काय, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशी काही कीव करून पाहिलं की विचारू नका. ज्यांना आवाज ठाऊक नाही त्यांना नाव कुठून असणार!

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जन्म सगळा गणपतीच्या कारखान्यात गेला. त्यांचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. दिवसभर बाप्पाचे डोळे आणि उरल्या वेळात परग्रहवासीयांचे, असा त्यांचा संसार. उजवी पापणी अर्धी मिटली की उद्याची गोष्ट, डावी मिटली की कालची, दोन्ही घट्ट मिटल्या की प्रश्न, दोनदा लवल्या की नकार. त्या लोकांना कपाळावर तिसरा डोळाही होता. त्याचं काम साडूंनी तूर्तास भुवईवर भागवलं होतं. भाषा कागदावर ठेवून भागत नाही, ती रुळली पाहिजे, म्हणून ते कुठेही सराव करत. एकदा पेणच्या एस.टी.त समोर बसलेल्या मिठागरावरच्या एका म्हातारीला त्यांनी पापण्यांनी सविस्तर क्षेमकुशल विचारलं. ती बिचारी उठली, "काय गेलं रं डोल्यात?" म्हणाली, पदराचा बोळा केला, त्यावर गरम फुंकर मारली आणि यांच्या डोळ्यावर धरून बसली. दुसरा कोणी लाजेने उतरून गेला असता. साडू मात्र आठवडाभर खुशीत होते. "उत्तर आलं, साडू! पहिल्यांदा कुणाचं उत्तर आलं!"

कारण दुःख तेच होतं. भाषा अख्खी तयार, आणि बोलायला दुसरं माणूस नाही. "एकट्यानं बोललं की खूळ. दोघं बोलली की भाषा," असं ते म्हणत आणि आशेने माझ्याकडे बघत. धाटावला कंपनीत रात्रपाळी करून मी रोह्याहून शिकवणीला जायचो, ते केवळ नात्याखातर. पहिल्याच धड्याला माझे डोळे मिटायला लागले, तर हे म्हणतात, "वा! किती प्रश्न विचारताय!" त्यांना काय सांगणार, कपाळ माझं!

अशात त्यांची गोष्ट पेणच्या एका दिवाळी अंकाकडे गेली. संपादक रामवाडीतले निवृत्त मास्तर. गोष्ट त्यांना आवडली, पण संवादांच्या जागी साडूंनी कुंचल्याने डोळ्यांच्या ओळीच्या ओळी काढल्या होत्या, त्यावर ते अडले. "हे काढून टाका, साधं मराठी घाला. असं कोणी बोलू शकतं हे वाचकाला पटणार नाही. दोघांनी बोलून दाखवा, मग छापतो." साडूंना जेवण जाईना. डोळे काढून टाकले तर गोष्टीत राहतं काय? मूर्ती आखणीविना गिऱ्हाइकाला कोण देईल?

तर ठरल्या दिवशी संपादक कारखान्यात आले. दारातच त्यांनी साडूंना "मला साखर बंद आहे हो" असं सांगून टाकलं. हंगामाचे दिवस, साडू आखणीला बसलेले. आखणी चालू असताना कारखान्यात कोणी बोलायचं नाही, हा तिथला जुना नेम. हात हलला तर देवाची नजर तिरपी. संपादक आणि मी भिंतीशी बसून राहिलो. दुसरा बोलणारा म्हणून परीक्षा माझीच होती. एवढ्यात अक्का मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले. साडूंनी कुंचला न थांबवता उजवी पापणी अर्धी पाडली, भुवई संपादकांकडे उडवली, पापण्या दोनदा लववल्या. अक्का गेली आणि चहा घेऊन आली. एक कप बिनसाखरेचा, तो बरोबर संपादकांच्या हातात.

आखणी संपताच संपादक उडालेच. "वहिनी, साखरेचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यांनीच नाय का आत्ता?"

"ही भाषा कधी शिकलात?"

"कसली भाषा?" अक्का म्हणाली. "लग्न होऊन आले तवापासून ह्यो माणूस आखणीला बसला की बोलायचं नाय. मग काय उपाशी ऱ्हायाचं?"

साडूंचा चेहरा मी विसरणार नाही. कुठल्या कुठल्या ग्रहावरून खणून आणलेलं व्याकरण रोज चहाबरोबर दारात उभं होतं, आणि हा माणूस दुसरं बोलणारं शोधत एस.टी.ने फिरत होता. गोष्ट डोळ्यांसकट छापून आली. गोष्टीखाली भाषेसाठी अक्काचं नाव घालायचं म्हणून साडू हटून बसले होते, पण ती कुठली ऐकते! "नको गो बाय! बाई डोले मारते म्हनतील लोकं!"

यंदा साडूंचा हात थोडा कापतो, म्हणून आखणी पुतण्याकडे गेली. साडू आता ओटीवर बसून असतात. बोलायला काहीच बंदी नाही. तरी दुपारी अक्का दारात येते, पापणी अर्धी पाडते आणि हे उठतात. परवा मी म्हटलं, "जेवायलाच बोलवायचं, तर हाक मारली तरी चालेल की."

"हाक सगळ्यांनाच ऐकू जाते, साडू," ते म्हणाले.

परतताना बसमध्ये बायको शेजारी खिडकीशी बसली होती, भाजीच्या भावाबद्दल बोलत. मी हळूच तिच्याकडे वळून दोन्ही डोळे घट्ट मिटले, मग उजवी पापणी अर्धी पाडली. ती बोलायची थांबली. "थांबा, चोळू नका," म्हणाली, पदराचा बोळा केला, त्यावर गरम फुंकर मारली आणि माझ्या डोळ्यावर धरून बसली. रोहा येईपर्यंत मी तो काढू दिला नाही.