बारीक चिप अन् डाळिंबाचा भाव

आधी भिगवणची नणंद आली, मागनं नात पूजाला बघायला डाळजचे पाहुणे.

पूजा घरनं व्हिडिओ बनवायचं काम करती. म्हणाली, "नवा कम्प्युटर घ्यायचाय, त्याच्या आतल्या चिपवरचं काम लई बारीक हाय, म्हणून जरा महाग पडतो."

मी सगळ्यांदेखत म्हणलं, "येडी का तू? डाळिंबात बारका माल कमी भावात जातो, अन् तू बारक्याला जास्त देणार?" पाहुणे हसले. पोरीनं मान खाली घातली.

मग हळूच बोलली, "आज्जी, बारीक कामानं वीज कमी लागती, कम्प्युटर कमी तापतो. माझा तापून मधीच बंद पडतो. नीट चालला असता तर नुसत्या बारीक कामापायी बदलला नसता."

पोरीचा इचार ऐकून ऊर भरून आला, पण बायांनो, लाज लई वाटली.

पोरीची माफी पाहुण्यांसमोरच मागावी न्हवं? गुरुवारी परत येतो म्हणालेत.