नखाएवढा गोबी

सकाळी मी कसाव्याचे कंद उकडत होते, तोच दारावर धाडकन थाप पडली. शेजारची वासेमाथा होती. चर्चमध्ये सगळ्यांत उंच सूर हिचा, बाजारात सगळ्यांत मोठं हसू हिचं. आज मात्र डोळ्यांत अंगार होता. तिचा भाऊ पेनियासी वारल्यापासून फिजीतल्या आमच्या गावाने समोरच्या प्रवाळावरची मासेमारी बंद ठेवली आहे. शोक सुटेपर्यंत तिथून शिंपलाही उचलायचा नाही. सगळं गाव डब्यातल्या माशांवर भागवतंय. आणि आमचा भाडेकरू कॅलम तिथूनच बरणीत एक जिवंत गोबी मासा घेऊन आला होता. नारिंगी अंग, निळे पट्टे, नखाएवढा.

"फक्त जात ओळखायचीय," तो म्हणाला. "स्पिरिटमध्ये घालून पंखांचे काटे मोजले की झालं. एवढासा तर आहे, कोण खातं त्याला?"

"एवढासा? तान्हं पोर एवढंसं असतं, म्हणून ते माणूस नव्हे का रे? आणि तू मान म्हणून आणलेली यांगोनाच्या मुळांची जुडी गावाने घेतली ती पाहुणा म्हणून. माझ्या भावाचा शोक मोडायला नाही!" मग ती माझ्याकडे वळली. "आणि ताई, तू! मयताला चटया घेऊन आलीस, रडलीस माझ्या गळ्यात पडून, आणि आज ती बरणी तुझ्याच टेबलावर?"

कॅलमचा हात स्पिरिटच्या बाटलीकडे गेला, तशी तिने बरणीच छातीशी धरली.

"शोक सुटला की पाण्यात डोकं घालून हवं तेवढं ओळख. आत्ता एवढंच कर, याला होता तिथे नेऊन सोड."