सासऱ्यांचा ग्लास

लायल रॅडकेने पिल्सनर माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, पंचावन्न पौंडांचं पोतं तळघरात उतरवलं आणि पुढचे तीन आठवडे त्याची कोणती बिअर करायची याचा खल केला. शबॉयगनच्या शाळाबसची इंजिनं त्याने तीस वर्षं दुरुस्त केली होती. हात चोख, पण काही ठरवायचं म्हटलं की गडी जागचा हलत नसे.

"सेझाँ करू?" टोस्टला लोणी लावता लावता तो विचारी.

"कर," त्याची बायको मार्लिस म्हणे.

"की ट्रिपेल?"

"मग ते कर."

"का कोल्श?"

"लायल, संसारात मी तुला जेवायला काय करू म्हणून इतक्यांदा विचारलं नसेल!"

खरं तर त्याच्या मनात हेलेस होती. साधी, सोनेरी, मसाला नाही, फळ नाही, म्हणून चूक लपवायला जागा नाही. आणि ती मार्लिसच्या वडिलांना द्यायची होती. एमिल वेन्डॉर्फ यांनी मिलवॉकीच्या कारखान्यात चाळीस वर्षं बिअर उकळली होती. जावयाने केलेल्या बिअरचा एकही ग्लास त्यांनी अकरा वर्षांत संपवला नव्हता. दोन घोट घ्यायचे, "ओली आहे, एवढंच," म्हणायचे आणि उरलेली हळूच कुंडीत ओतायचे. कुंडीतलं जिरेनियम मात्र फोफावलं होतं.

"सेझाँच कर रे," मार्लिसने सुचवलं. "त्यात काहीही खपतं. बिघडली तर म्हणायचं, ही अशीच असते."

"तेच नकोय मला. नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांनी एक ग्लास रिकामा करावा. एकच."

फेब्रुवारीत एका शनिवारी माल्टच्या पाण्याचा हंडा उकळायला चढला. गॅरेजमधला नळ गोठलेला, म्हणून स्वयंपाकघरातच. "नव्वद मिनिटं उकळू दे, हंडा उघडाच," असं बजावून लायल गॅरेजात फ्रीज पुसायला गेला.

अर्ध्या तासात खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ निघाले. मागच्याच महिन्यात मार्लिसने स्वतः चिकटवलेला वॉलपेपर छतापासून सुटला आणि सावकाश तिच्या डोक्यावर येऊन बसला. तिने तो बाजूला सारला आणि हंड्यावर झाकण ठेवलं. लायलचे बूट पायरीवर वाजले तेव्हा ते काढलं. एवढीशी गोष्ट, सांगायची कशाला?

एप्रिलमध्ये चर्चच्या हॉलमध्ये ब्रॅटवुर्स्ट सॉसेज, कडक पाव, बटाट्याचं सॅलड आणि एमिलची नव्वदी. लायलने स्वतः ग्लास भरून आणला. एमिलनी तो उजेडात धरला, रंग पाहून मान डोलावली. मग नाकाशी नेला.

"मका," ते म्हणाले. "उकडलेला मका. झाकण कोणी ठेवलं?"

"कोणीच नाही, एमिल! नव्वद मिनिटं उघडा होता."

"पिल्सनर माल्ट झाकलं की हा वास आत कोंडतो. मला शिकवतोस?"

लायलचे कान लाल झाले. "मग माझंच काहीतरी चुकलं. आच कमी पडली असेल." तो ग्लासाकडे बघत राहिला. "यापुढे सेझाँच करीन."

मार्लिसच्या हातातला पाव तोंडापर्यंत गेला नाही.

"मी ठेवलं," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं."

"तू?" लायल म्हणाला.

"वॉलपेपर पडत होता!"

एमिलनी मुलीकडे असं पाहिलं, जणू तिने वाढदिवसाच्या केकवर बूट ठेवला होता. "माझ्या पोटची पोर! आणि मी या बिचाऱ्याला बोलतोय." ते जावयाकडे वळले. "पोत्यात किती उरलंय?"

"निम्म्याहून जास्त."

"शनिवारी आठला येतो. हंड्यापाशी खुर्ची ठेव. आच मी सांगेन तशी."

ग्लास भरलेलाच राहिला. लायलचा चेहरा मात्र असा उजळला, की लग्नाच्या फोटोतही मार्लिसने तो तसा पाहिला नव्हता. यीस्ट किती थंड ठेवायचं यावरून दोघांची जुंपलीसुद्धा.

"आणि शनिवारी मी कुठे जायचं?" तिने विचारलं.

"कुठेही जा," एमिल मान न वळवता म्हणाले. "जाताना झाकण घेऊन जा."