आमच्या स्टाफरूमची तहान

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात! आमच्या देवपूरच्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवतेय. एवढ्या वर्षांत स्टाफरूममध्ये काय काय साचलं म्हणता? फाटलेले नकाशे, एक हात नसलेला सांगाडा, आणि किस्से. त्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या कपातून, पेल्यातून किंवा बाटलीतून निघालेले. धुळ्याचं ऊनच तसं! मार्च लागला की इथे माणूस दोनच गोष्टी करतो. काहीतरी पितो, आणि पिता पिता बोलतो.

*

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बदलून आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी चहा घेत नाही. कॉफी!"

झालं. आमच्या शाळेत चहा करायचे भिला नाना. नाना शिपाई, पण शाळेत त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. नानांच्या हिशेबी कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, भरपूर साखर, चिमूटभर कॉफी आणि वर जायफळ. बाईंना ती इतकी आवडली की रोज अकराच्या ठोक्याला हवीच!

मग एकदा शाळा तपासायला अधिकारी आले. दुपारची वेळ, बाहेर रणरणतं ऊन. नानांना वाटलं, मोठा साहेब आलाय, हात आखडता कशाला घ्यायचा? त्यांनी अख्खं जायफळ किसून घातलं!

अर्ध्या तासाने मी सही घ्यायला ऑफिसात गेले. साहेब एका खुर्चीत, बाई दुसऱ्या खुर्चीत. दोघांच्या माना छातीवर. वर पंखा कुरकुरतोय, मधे हजेरीपट उघडा.

मी तशीच पावलं न वाजवता मागे आले. दोन तास आम्ही एकाही पोराला मोठ्याने बोलू दिलं नाही.

साहेब उठले, तोंड धुतलं, आणि शेरेबुकात लिहून गेले, "शाळेतील वातावरण अत्यंत शांत आहे!"

*

गणिताचे चौधरी सर म्हणजे चहाबाज माणूस. दिवसाला आठ कप. त्यांची मुलगी रोहिणी जळगावला बँकेत. तिचं लग्न काही जमेना. एके सोमवारी सरांनी जाहीर केलं, "रोहिणीचं जमेपर्यंत चहा बंद! देवापुढे बोललोय."

पहिल्या आठवड्यात आम्ही कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात सरांनी नववीच्या पूर्ण वर्गाला बाकावर उभं केलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्यावर खेकसले, "बाई, तुमचा खडू फार वाजतो!"

मग मात्र आम्ही जागे झालो. अख्खा स्टाफ स्थळं शोधायला लागला! मी माझा आतेभाऊ सुचवला. नानांनी गावाकडून तीन पत्रिका आणल्या. कोणालाही रोहिणीच्या लग्नाची काळजी नव्हती. काळजी होती ती सरांच्या चहाची!

अडीच महिन्यांनी रोहिणी सुट्टीला घरी आली. सरांनी सगळ्या पत्रिका तिच्यापुढे मांडल्या. ती म्हणाली, "पप्पा, हे काय? माझं ठरलंय. आमच्याच बँकेतला निखिल. मी आईला सांगितलं होतं की!"

"कधी?"

"झाले दोन महिने."

सर उठून तडक स्वयंपाकघरात. "अगं, तुला माहीत होतं? आणि मी इथं चहावाचून मरतोय!"

काकू शांतपणे पोळी लाटत म्हणाल्या, "तुमची ॲसिडिटी गेली की नाही? म्हटलं, मुलगा चांगला आहे, कुठे पळून जात नाही. अजून थोडे दिवस जाऊ द्यावेत!"

*

हा माझा स्वतःचा. लपवत नाही.

आठवीची सहल लेण्यांना निघाली होती. पहूरला रसवंती दिसली आणि बस थांबली. उसाचा रस म्हणजे माझा जीव! लहानपणी वडील बाजाराच्या दिवशी सायकलवरून न्यायचे आणि एका पेल्यात दोघं प्यायचो. शेवटचा घोट नेहमी माझा. त्यामुळे रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की मी अजूनही सात वर्षांची होते.

मी दुसरा पेला मागितला, बिनबर्फाचा. तो हातात घेऊन मी वळले, तर बस गायब!

मोबाईल पर्समध्ये, पर्स बसमध्ये. मला रडूच फुटलं. रसवंतीवाल्या अक्कांनी मला बाकावर बसवलं. "बस ना माय. तुले सोडून कुठं जातीन ते? येतीन परत. तवरोक पी." आणि पेला भरला. मी रडत रडत प्यायले. त्यांनी पुन्हा भरला, आणि पुन्हा. त्या बाईंनी पोटच्या पोरीसारखं पाजलं, मी नाही कसं म्हणणार?

पाऊण तासाने बस परत आली. मोठ्या बाई दारातच उभ्या. "कुठे होतात तुम्ही? काही जबाबदारी?"

मी खिडकीशी जाऊन बसले. पाच पेले रस पोटात. पुढचं तुम्हीच समजा. लेणी येईपर्यंत बस चार वेळा थांबवावी लागली!

चौथ्या वेळी मी परत चढले तेव्हा चौधरी सर मागून म्हणाले, "आपण बाईंना एकदा विसरलो, पण बाईंनी व्याजासकट आठवण करून दिली!"

*

शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन बसलं. फीत कापली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी पहिला पेला मोठ्या प्रेमाने नानांना दिला. "सांगा नाना, कसं आहे?"

नाना गावाच्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेले. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"पानी बेस शे साहेब. पन तेनी चव कोठे गयी?"

*

शेख मॅडम विज्ञानाच्या, छाजेड सर इतिहासाचे. दोघांची टेबलं शेजारी शेजारी. पर्युषणात सरांनी आठ दिवसांचे उपवास केले होते. त्यात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. ते पाणी रोज शेख मॅडम प्रयोगशाळेत स्वतः उकळून, गाळून, गार करून द्यायच्या. नाना करतो म्हणाले तरी देईनात. "सर आठ दिवस उपाशी शिकवतात, मी पाणी उकळू शकत नाही का?"

त्याची आठवण ठेवून सर रमजानमध्ये त्यांच्या घरी इफ्तारला गेले. मीही होते. मॅडमच्या सासूबाई, सगळ्यांच्या अम्मी, यांनी गुलाबाचं सरबत केलेलं. वर सब्जा तरंगतोय.

अम्मींनी सरांपुढे पेला ठेवला. सर म्हणाले, "मॅडमचा रोजा सुटल्याशिवाय मी कसा पिऊ?"

"बरं, मग पाच मिनिटं थांबा."

सर चुळबुळले. "अम्मी, एरवीही सूर्य मावळल्यावर मला पाणीसुद्धा चालत नाही."

अम्मींनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! एकीचं सूर्य बुडल्यावर सुरू होतं, आणि एकाचं सूर्य बुडल्यावर बंद होतं! आता मी काय सूर्याला थांबवू?"

आम्ही हसून हसून लोळायचे बाकी! शेवटी अम्मींनी सरबत बाटलीत भरून सरांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये आले, तर छाजेड सर भिंतीकडे तोंड करून उभे. हातात बाटली, चोरून घोट चाललेले. शेजारी मॅडमचा रोजा ना!

मॅडम वह्यांतून मान वर न काढता म्हणाल्या, "सर, वळा इकडे. रोजा माझा आहे, शिक्षा तुम्हाला कशाला?"

*

आणि आता वाघ सर.

वाघ सर खेळाचे शिक्षक. सहा फूट उंची, पिळदार मिशा, गळ्यात शिटी. त्यांनी मैदानाच्या एका टोकाला नुसता घसा खाकरला तर दुसऱ्या टोकाची पोरं रांगेत उभी राहतात.

एकदा मी औषधाच्या दुकानात गेले, तर सर काउंटरवरून घाईघाईने निघाले. दुकानदार म्हणाला, "तुमच्या सरांच्या घरी बाळ आलंय वाटतं? दर आठवड्याला ग्राइप वॉटरची बाटली नेतात!"

मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बातमी फोडली. सरांची मुलगी पूजा नाशिकला, लग्नाला दोन वर्षं झालेली. म्हणजे बाळंतपणाला माहेरी आली असणार! आणि सरांनी पेढा तर सोडाच, अक्षर काढलं नाही! आम्ही बायकांनी ठरवलं, आपणच जायचं. झबली घेतली, टोपडं घेतलं, मी डिंकाचे लाडू केले. रविवारी सकाळी आम्ही पाच जणी सरांच्या दारात.

वहिनींनी दार उघडलं. मी म्हटलं, "अभिनंदन आजीबाई! बाळ कुठंय?"

"कोणाचं बाळ?"

"पूजाचं!"

वहिनींचा चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन लावला. "पूजे, खरं सांग. तुला बाळ झालं?"

स्पीकरवर पूजाचा आवाज आला, "मला? आई, मला तर कोणीच काही बोललं नाही!"

तेवढ्यात आतून चमचा पडल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या आत डोकावलो. वाघ सर बनियनवर, एका हातात ग्राइप वॉटरची बाटली. मिशांना गोड थेंब लागलेले.

सर खाली बघत म्हणाले, "माझी आई द्यायची. सात वर्षांचा होतो तोवर. ती गेली, पण चव... चव सुटली नाही."

वहिनींनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा आमच्या हातातल्या टोपड्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून ओरडल्या, "अहो, असे या बाहेर! तुमचं बारसं करायला आल्यात!"

सर बाहेर आले. टोपडं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, डोक्याजवळ धरून पाहिलं.

म्हणाले, "एक नंबर मोठं नव्हतं का?"